ऐन, काफ, लाम

मैमुनाचा गळा ज्या हाताने चिरला, तो हात यासीन हुर्जूकने स्वतः बांधला होता. चौदा महिन्यांपूर्वी, केंद्रातल्या आपल्याच खुर्चीत बसवून. बांधून झाल्यावर तो हात हातात घेऊन हलवलाही होता, कारण तशी पद्धत होती.

गुरुवारी दुपारी जुहरची नमाज आटोपून यासीन घरी आला तेव्हा स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. त्याची बायको मैमुना ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेली दिसली. मांडीवर नारळाची वाटी होती आणि वाटीत रक्त साचलं होतं. गळ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. कोयता शेगडीजवळ पुसून ठेवला होता. मागच्या पडवीत शौकत जांभारकर नळाखाली हात धूत होता. साबण लावून, नखांतून बोटं फिरवून.

"चाचा," तो वळून म्हणाला, "सही देत नव्हती."

यासीन त्याच्या अंगावर धावला. तीन पावलं गेला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लाकडासारखा ताठ झाला. तोल जाऊन तो पडवीच्या फरशीवर आडवा पडला. अकरा सेकंद. हात पुन्हा हलेपर्यंत शौकतने नळ बंद केला, त्याला ओलांडून तो बाहेर गेला आणि रस्त्याच्या मोरीवर जाऊन बसला. पोलीस येईपर्यंत तिथेच बसून होता.

यासीनचा हात जिने धरला, ती दोरी. तिच्याबद्दल सांगायला हवं.

आपण हात उचलतो त्याच्या अर्धा सेकंद आधी मेंदूत त्याची तयारी झालेली असते. ग्लास उचलायची तयारी वेगळी, माणसाला मारायची वेगळी. ही मारायची तयारी ओळखता आली तर हात सुटायच्या आत तो अडवता येईल, या एका विचारावर सगळं उभं होतं. कानामागे, हाडाच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवत. मारायची खूण दिसली की ते उलटा झटका पाठवी आणि हाताच्या स्नायूंना पेटका येई. ज्यांनी पूर्वी कुणाला भोसकलं होतं, डोकी फोडली होती, अशा माणसांना तुरुंगाऐवजी ही दोरी घालून घरी सोडत. महाराष्ट्रात अशी सहाशे अडतीस माणसं मोकळी फिरत होती. लोक त्यांना दोरीवाले म्हणत.

पण प्रत्येकाच्या मेंदूचं अक्षर वेगळं. म्हणून दोरीला आधी शिकवावं लागे. माणसाला एका खोलीत बसवायचं, डोक्यावर तारांची टोपी घालायची, समोर स्पंजचा पुतळा ठेवायचा. त्याला जे बोललं की त्याचं डोकं फिरतं, ते बोलायचं आणि लाकडी सुरा हातात द्यायचा. असे तीन खरे नमुने मिळाले की दोरी तयार. हे काम यासीनचं. मस्कतच्या इस्पितळात वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून तो म्हसळ्याला परतला होता, आणि गावापासून चार मैलांवरच्या टेकडीवर हे केंद्र निघालं तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथे होता. समोरच्यांनी कितीही शिव्या दिल्या तरी शिकवणाऱ्यांनी हात उगारू नये म्हणून त्यांनाही दोरी घालायचा नियम होता. यासीनची दोरी नऊ वर्षं जुनी होती.

दोरी हे लोकांनी दिलेलं नाव. सरकारी नाव इकाल. ते मैमुनाने सुचवलं होतं.

मैमुना अरबी-मराठी कोश करत होती. पंचवीस वर्षं करत होती आणि अजून 'ऐन'च्या पुढे फारशी सरकली नव्हती. केंद्रवाल्यांनी नाव मागितलं त्या दिवशी ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली होती, "इकाल म्हणा. उंट बसवला की त्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून बांधतात, ती दोरी."

"ती मी पाहिलीय," यासीन म्हणाला. "ओमानात, सलालाला. बांधलेला उंट तीन पायांवर उठतो आणि लंगडत चार पावलं जातो. मग आपणच बसतो."

"तू पाहिलीस, मी नुसती वाचली. चल, निदान एक शब्द तरी तुला माझ्यापेक्षा जास्त येतो."

मग तिने त्याला ते मूळ सांगितलं. ऐन, काफ, लाम. या तीन अक्षरांतून निघालेला पहिला अर्थ पाय बांधणं. पोट बांधणारं औषध, तेही त्याच मुळातून. शिकाऱ्याच्या भीतीने उंच कड्यावर जाऊन राहणारा रानबोकड, आणि त्यावरून किल्ला, आसरा. माणसाची जीभ जड होऊन बोलणं बंद पडतं, ते. आणि खुनाची भरपाई, कारण खुन्याच्या भाऊबंदांनी उंट आणून मेलेल्याच्या वारसाच्या अंगणात पाय दुमडून बांधायचे, अशी रीत होती.

"एका मुळाला एवढे अर्थ?" यासीन म्हणाला. "अरबांकडे अक्षरं कमी पडली काय?"

"अक्षरं होती रे. उंट जास्त होते."

"अजून आहेत?"

"घरातल्या मानाच्या बाईला अकीला म्हणतात. म्हणजे मला." तिने पिठाचा हात त्याच्या गालाला पुसला. "आणि आपली अक्कल. तीही तिथलीच. मन वाटेल तिकडे धावतं, त्याचा पाय बांधते ती अक्कल."

हे शेवटचं यासीनने केंद्रात सांगितलं आणि चूक केली. महिन्याभरात सरकारी भिंतींवर पाट्या लागल्या: दोरी म्हणजेच अक्कल. मैमुनाने पाटी पाहिली आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "उंटाचा पाय दुसरा कुणीतरी बांधतो, यासीन. अक्कल ज्याची त्याने बांधायची असते. तुमचे लोक या दोन्हींत गल्लत करतायत. एखाद्या दिवशी महागात पडेल."

तरी तीच दर गुरुवारी दोरीवाल्यांना घरी बोलावून लिहावाचायला शिकवायची. शौकत त्यातलाच. सहा महिने हजेरीची सही मिळाली की त्याला भावाच्या होडीवर रत्नागिरीला जाता येणार होतं. तो चार गुरुवार आला नव्हता. तिने खोटी सही करायला नकार दिला. भांडण झालं नाही. शेजारणीने भिंतीपलीकडून एकही मोठा शब्द ऐकला नाही.

दफनाच्या वेळी यासीनला मूठभर माती टाकताना जे म्हणायचं ते म्हणता येईना. ओठ हलत होते, जीभ टाळूला चिकटून बसली होती. चार दिवस तो कुणाशीही एक अक्षर बोलू शकला नाही. पाचव्या दिवशी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर वैजयंती ओगले घरी आल्या. त्यांनी मांडीवरच्या संगणकाचा पडदा उघडून शौकतच्या दोरीची नोंद त्याला दाखवली. दोरी दिवसभराचं सगळं टिपून ठेवत असे.

"यंत्र बिघडलं नव्हतं, यासीनभाई," त्या म्हणाल्या. "त्याला ते दिसलंच नाही. ही एक वाजून चाळीस मिनिटं. नाडी बघा."

चौऱ्याहत्तर. कोपऱ्यावर मीठ आणायला गेलेल्या माणसाची असते तेवढी.

यासीनला एकदम सगळं आठवलं. दोरी घालून घ्यायला आलेले काही जण लबाडी करत. दोरी कच्ची राहावी म्हणून राग आल्याचं नाटक करत, पुतळ्यावर नुसता सुरा मारत. म्हणून यासीनने स्वतः एक नियम बसवला होता. नाडी शंभराच्या वर गेली नाही तर तो नमुना नाटक समजून पुसून टाकायचा. शौकतने पहिल्याच खेपेला पुतळ्याचा गळा शांतपणे, एका रेषेत कापला होता. नाडी बहात्तर. यासीन त्याला म्हणाला होता, "नाटकं नकोत. खरं कर." दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही. मग यासीनने त्याच्या मेलेल्या बापाचं नाव काढलं, शिव्या घातल्या, तोंडावर थुंकलाही, तेव्हा कुठे नाडी एकशे तीसवर गेली आणि तीन नमुने जमले.

म्हणजे शौकतने खरं तेच आधी दाखवलं होतं. यासीनने ते पुसून टाकलं आणि दोरीला शौकतचा राग शिकवला. राग त्याचा होता, पण तो रागाने मारणारा माणूस नव्हता.

"मीच," यासीन म्हणाला. चार दिवसांनी तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता.

"तुम्ही एकटे नाही. त्या नियमावर माझी सही आहे." ओगलेबाईंनी पडदा मिटला. "सहाशे अडतीस लोक बाहेर आहेत. त्यांत शौकतसारखे किती, मला माहीत नाही. थंड डोक्याने मारायची खूण कशी दिसते हेच आपल्याला ठाऊक नाही, कारण तसे सगळे नमुने आपण फेकले. त्या दुपारची नोंद एकच आहे, तीही टोपीशिवायची. अक्षर प्रत्येकाचं वेगळं असलं तरी वळण ओळखता येतं; एका माणसाचे टोपीखालचे तीन खरे नमुने मिळाले, तर उरलेल्यांच्या नोंदींत ती खूण शोधता येईल. पण ते देऊ शकणारा आपल्या माहितीत एकच माणूस आहे."

"शौकत."

"आणि त्याचं काय करायचं हे तुमच्या शब्दावर आहे."

नवा कायदाच तसा होता. खुनाचा गुन्हा कबूल असेल तर मेलेल्याच्या वारसाने सांगायचं, आणि जखमी जगला असेल तर त्या जखमीने: जन्मठेप की दोरी. यासीनने जन्मठेप म्हटलं असतं तर शौकत त्याच संध्याकाळी नागपूरच्या तुरुंगात गेला असता आणि पुन्हा कुणाच्या हाती लागला नसता.

"दोरी," यासीन म्हणाला. "त्याला केंद्रात आणा. मी स्वतः शिकवीन."

ओगलेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, हा माणूस किती मोठा आहे. यासीनला शौकत फक्त हाताच्या अंतरावर हवा होता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता शौकतला खोलीत आणून खुर्चीला बांधलं आणि तारांची टोपी घातली. छाती आणि डावा हात पट्ट्यांनी जखडलेला, लाकडी सुऱ्यासाठी उजवा मोकळा. ओगलेबाई काचेपलीकडे पडद्यासमोर बसल्या होत्या. यासीनने दार लावलं, आतून कडी घातली, आणि ठरल्याप्रमाणे मोजमापाच्या यंत्रावरचा तो नाडीचा नियम काढून टाकला. मग शौकतच्या उजव्या हातालाही पट्टा आवळला. ओगलेबाई काचेवर टकटक करून काहीतरी म्हणाल्या. त्याने शर्टाखालून सुरमई कापायची सुरी काढली.

शौकतने सुरीकडे पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"तिने तुझं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही. चांगली बाई होती. मला माझं नाव लिहायला शिकवलं तिने."

"मग?"

"सही देत नव्हती, चाचा. सांगितलं ना. दारात दगड पडला तर तुम्ही दगडावर रागावता का? बाजूला करता."

यासीनने सुरी उगारली आणि हात हवेतच आखडला. खांद्यात कळ गेली, तोंडातून लाळ गळली. अकरा सेकंद तो त्या माणसासमोर पुतळ्यासारखा उभा राहिला. पुन्हा उगारली. पुन्हा पेटका. तिसऱ्यांदा सुरी हातातून गळून पडली आणि तो गुडघ्यांवर बसून ओरडला. शब्द नव्हते, नुसता आवाज.

शौकत वरून त्याच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर टिंगल नव्हती. लहान मुलाला गाठ मारता येत नाही म्हणून मोठा माणूस बघतो, तसा.

"राग आला की तुमचा हात गेला," तो म्हणाला. "तुम्हीच तसं यंत्र केलंय. जरा थांबा. श्वास घ्या. माझ्याकडे माणूस म्हणून बघू नका. ओट्यावर मासा आहे, कापायचा आहे. एवढंच."

"तू मला मारायला शिकवतोस?"

"तुम्हाला जमत नाहीये. मला बसून बसून कंटाळा आला."

यासीन फरशीवरून उठला. सुरी उचलली. आणि त्याच्या लक्षात आलं की हा माणूस आज एकही नमुना देणार नाही. तेव्हा सुटकेच्या वाटेत पुतळा होता; आज तो सुटायचं धरूनच बसलेला नाही, त्याच्या वाटेत कुणीच उभं नाही. लाकडी सुरा देऊन, शिव्या देऊन, बापाचं नाव काढून मिळेल तो पुन्हा रागच मिळेल. थंड नमुना शौकतकडून मिळणार नाही.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्याची स्वतःची छाती शांत झाली होती. कळ ओसरली होती. समोर एक गळा होता, त्यात शीर होती, हातात सुरी होती. मासा. आता हात अडणार नाही हे त्याला आतून कळलं, भूक लागलेली कळते तसं.

त्याने शौकतच्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या डोक्यावर घातली. तारा नीट बसवल्या. यंत्र आपल्या दोरीला जोडलं. इतक्या वर्षांची सवय, बोटं आपोआप चालली. तीन नमुने लागतील आणि तीनही खरे लागतील. खोटं मारलं तर यंत्र घेणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"यासीनभाई, दार उघडा," ओगलेबाई आता काचेवर मुठी मारत होत्या. "त्यांना काय उत्तर देणार आहात तुम्ही? मैमुनाबाईंना?"

पहिला वार त्याने पोटात केला. मारायला म्हणूनच केला. शौकतने अंग वळवलं म्हणून सुरी बरगडीवर घासून कुशीत गेली. शौकतच्या तोंडून हवा सुटल्यासारखा आवाज आला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. एक.

यासीनने सुरी बाहेर काढली. हातावर गरम रक्त आलं. त्याने आत कुठे काही हलतं का पाहिलं. काही हलत नव्हतं. सहाशे अडतीस माणसांची त्याला आठवण होती आणि समोरच्याला मारायचंही होतं, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींना धक्का न लावता.

"बरं जमलं," शौकत दातांतून म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसरा वार खांद्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागात. हाड लागलं. सुरी ओढून काढताना खुर्ची सरकली. दुसरा दिवा. बाहेर कुणीतरी दार फोडायला सुरुवात केली होती.

तिसऱ्याला त्याने शौकतचे केस डाव्या हाताने धरून डोकं मागे केलं. मैमुनाचा गळा चिरला होता तिथेच, त्याच बाजूला सुरी टेकवली. शौकतने पहिल्यांदा डोळे मिटले. यासीनने हात ओढला. कातडी चिरली, रक्ताची बारीक रेघ उमटली, आणि तिसरा दिवा लागला. त्याच क्षणी दोरीला कळलं. हात आखडला. सुरीचं पातं मांसात अर्धा इंच रुतून तसंच थांबलं.

त्याला हात पुढेही नेता येईना, मागेही घेता येईना. तो शौकतच्या चेहऱ्यावर वाकून अकरा सेकंद उभा राहिला आणि दोघांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर येत राहिले. मग दार फुटलं.

शौकत जगला. सुरी खोल गेली होती, पण जिथे जायला हवी तिथे गेली नव्हती. ओगलेबाईंच्या माणसांनी तीन नमुने घेऊन सगळ्या नोंदी चाळल्या. एकेचाळीस जणांत तीच खूण सापडली. त्यांना दोन दिवसांत परत आणलं. एकाच्या घरी, पलंगाखाली, शेजाऱ्याच्या दाराची किल्ली आणि नवी कुऱ्हाड मिळाली. तो कुणावर चिडलेला नव्हता.

यासीनवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. त्याने कबूल केला. कोठडीत तो शांत झोपला. घरी मैमुना गेल्यापासून त्याला झोप लागली नव्हती. इथे भिंती अनोळखी होत्या आणि चार माणसं घोरत होती, तेवढ्याने डोळा लागला. जन्मठेप मिळाली तर बरं, असं त्याने शेजारच्याला सांगितलंही.

तिसऱ्या आठवड्यात अधिकारी कागद घेऊन आले. सोबत ओगलेबाई होत्या.

"जखमीचा शब्द घ्यायचा असतो," अधिकारी म्हणाले. "शौकत जांभारकरने जबाब दिलाय. त्याने तुमच्यासाठी तुरुंग मागितला नाही."

"त्याने माफ केलं तुम्हाला," ओगलेबाई हळूच म्हणाल्या. वर्तमानपत्रांतही तसंच छापून आलं होतं.

"वाचून दाखवा," यासीन म्हणाला.

अधिकाऱ्यांनी वाचलं. "'हुर्जूकचाचांना दोरी आहेच आणि आता ती पक्की आहे. त्यांना तुरुंग नको. त्यांचं घर मी पाहिलंय. दोन खोल्या, मागे पडवी. तिथे आता कुणी नाही. त्यांना तिथेच पाठवा.'"

ओगलेबाईंनी तोंडावर हात धरला.

"साहेब, मला आत राहू द्या," यासीन म्हणाला. "मी लिहून देतो."

"शब्द जखमीचा असतो, हुर्जूक. तुमचा नाही." अधिकाऱ्यांनी पेन पुढे केलं. "इथे सही."

यासीनने सही केली. हात कुठेही अडला नाही.

बाहेर ऊन होतं. ओगलेबाईंनी गाडीचं दार उघडून धरलं आणि विचारलं, "कुठे सोडू?"

यासीनने घराचा पत्ता सांगितला. ओगलेबाईंना तो ठाऊक होता, तरी त्याने पूर्ण सांगितला, गल्लीसकट.